उबदार ठिकाणांची यादी

कुमुदिनीबाई, मुलगा-सून कामावर गेले
की तुम्ही हीटर बंद करून शाल गुंडाळून बसता,
हे मला कळलं. कसं ते विचारू नका.
मीही चार हिवाळे तसेच काढले या ग्लासगोत,
गॅसचं बिल टेबलावर पालथं घालून.
तेव्हा लिहून घ्या.

सोमवारी विद्यापीठाचं म्युझियम बंद. त्याच्या नादी लागू नका.
लाल दगडाच्या त्या मोठ्या इमारतीत जा, तिकीट नाही.
दारात पेटी आहे, नाणं मागते.
मी तिला महिन्याला एक पौंड देते,
बाकीचे दिवस तिच्याकडे बघत नाही.
आत पेंढा भरलेला हत्ती. त्याच्या मागच्या पायाशी
जमिनीला जाळी, जाळीतून गरम वारा.
बाक तिथलाच धरायचा.
शाळेची पोरं साडेदहाला येतात, सव्वाअकराला पांगतात.
दुपारी एकला वरच्या सज्जात ऑर्गन वाजतो.
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,
पण बरगड्यांत घुमतो;
लहानपणी चालू गिरणीच्या भिंतीला
पाठ लावून उभं राहावं, पिठाच्या डब्याची वाट बघत, तसा.

चित्रं? आहेत की.
एक बाई मासे साफ करतेय, अंगभर मखमल,
खवलं उडताहेत आणि ती गालात हसतेय.
चित्रकार नक्की पुरुष असणार.

बागेतल्या म्युझियमला गुरुवारी जा.
काचेच्या भिंतीपलीकडे झाडं, वाटेत झिपऱ्या गाई.
चहा मात्र महाग. थर्मास न्यावा,
पण गालिच्यांच्या दालनात झाकण उघडू नये.
तिथला पहारेकरी ओरडत नाही,
नुसता बघतो.
ते जास्त लागतं.

नदीकाठचं शेवटी सांगते.
तिथे जुन्या ट्राममध्ये चढून बसता येतं,
आणि काचेमागे, सरकत्या पट्ट्यावरून,
छोटी छोटी जहाजं जातात एकामागून एक,
पंगतीत वाढपी फिरावेत तशी.
त्यातलं एक, काळ्या अंगाचं, लाल बुडाचं,
आमच्या ह्यांच्या हातचं.
म्हणजे जहाज नव्हे हो.
त्याच्या इंजिनखोलीतल्या एका जिन्याचं आरेखन.
एकोणसत्तर साली, गोदीच्या कचेरीत, चार महिने.
बाहेरून तो जिना दिसतच नाही.
हे बोट दाखवायचे, "तिथे बघ, धुराड्याच्या बरोबर खाली."
मी बघायची
आणि हो म्हणायची.

पाटीवर कंपनीचं नाव आहे, मालकाचं आहे,
कुठल्या उमरावीण बाईंनी बाटली फोडली तिचंही.
जिन्यापाशी कुणी पोचलेलं नाही.
बारा मिनिटांनी फेरा पुरा होतो.
मोरॅग म्हणून एक पहारेकरीण आहे,
ती माझ्यासाठी घडीची खुर्ची आणून ठेवते.
तिला वाटतं, मला जहाजांचा नाद आहे.

तुम्हाला म्हणून सांगते, कुमुदिनीबाई.
उभ्या जन्मात मी ह्यांना नावानं हाक मारली नाही.
लग्नात उखाणा घेतला तेवढाच,
तोही मावशीनं जुळवून दिलेला,
आणि ऐन वेळी मी अर्धा विसरले.
आता ती काळी नाव समोर आली
की मी नाव घेते.
भालचंद्र.
यमक नाही, चांदीचं ताट नाही,
आग्रह करायला कुणी अडवून उभं नाही.
काचेवर इवलीशी वाफ धरते,
ती विरेपर्यंत मागचं जहाज आलेलं असतं,
कुठलं तरी कोळशाचं, त्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही.

कधीकधी पट्टा बंद असतो, दुरुस्तीला.
म्हणून आधी फोन करायचा, नंबर मागे लिहिलाय.
बुधवारी या. खुर्ची एकच आहे,
आलटून पालटून बसू.
आणि कानाला काहीतरी बांधा बाई,
बसथांब्यापासून तिथवर नदीचा वारा
फार चावरा आहे.